दाराआडचं लोणचं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लोणच्याची भाजी चिरणं. पौषातली सकाळ होती. ऊन अजून ओट्यावर उतरलं नव्हतं. तिनं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली आणि माझ्यापुढं पाट आणि सुरी ठेवली. विळीवर मला चिरता येत नाही, सुरीनंच येतं, आणि हे साऱ्या जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. तांबडी गाजरं, फ्लॉवरचे तुरे, ओल्या हळदीची बोटं, जाड सालीच्या हिरव्या मिरच्या. मी चिरत होतो, ती फडक्यावर पसरत होती. मध्येच म्हणाली, "आवं, हळद जरा बारीक. दात कुठं ऱ्हायलेत आपल्याला?" मी म्हणालो, "तुला न्हाईत. मला हायत की चार." ती तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यात बाहेरून सुनेची हाक आली, तर तिथूनच ओरडली, "लोणचं घालतीया गं, शिवाशिव नगं! थांब वाईच!"

शिवाशिव हा तिचा बहाणा होता. लोणचं नासतं, नजर लागते, ओला हात लागतो, असलं काहीबाही सांगून ती दरवर्षी त्या दिवशी दार लावून घ्यायची. मग मी आत कशाला? तर जड बरणी उचलायला. असं सगळ्यांना सांगितलेलं. चिरून झालं की मी मागल्या दारानं बाहेर पडायचो आणि पुढं ओट्यावर येऊन पेपर उघडून बसायचो, म्हणजे चार माणसांनी मला बघावं. मसाला ती एकटी घालायची. आतून तिचा चमचे मोजण्याचा आवाज यायचा, ओंदु, एरडु, मूरु. माहेर जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाच्या शिवेवरचं, म्हणून मापं कानडीत मोजायची आणि भांडण मराठीत करायची.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. आजारी नव्हती, काही नव्हती. दवाखान्यात न्यायलासुद्धा तिनं मला लावलं नाही. ह्यापुढं मी तिच्या मरणाबद्दल लिहिणार नाही. मला जमत नाही ते.

दार का लावत होतो ते मात्र लिहितो. माझ्या तरण्या वयातली एक गोष्ट ह्या वैशाखापर्यंत तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, ती हीच. मागं ज्या ज्या वेळी भरतीचं सांगितलं त्या त्या वेळी मी एवढंच बोललो की गडी पळण्यात पहिला आला आणि मिलिटरीत लागला. ते खरं आहे. पण माझी शाळा चौथीची. बंदूक चालवायला शिकवली, कवायत शिकवली, आणि मग एका साहेबानं रांगेत उभं करून विचारलं, चपात्या कुणाला येतात? आई आजारी असायची म्हणून मी घरी भाकरी थापलेली. मी येड्यासारखा हात वर केला. तो हात पुढं सतरा वर्षं खाली आला नाही. मला लंगरात टाकलं. लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर.

पण काय सांगू, ते लंगर! आमच्या घरात एक तवा, एक पातेलं, आणि इथं माणूस आत उतरून घासेल एवढ्या डेगा. पहाटे तीन वाजता भट्ट्या पेटायच्या, त्यांचा घर्रर्र आवाज छातीत घुमायचा. दीडशे माणसाचं पीठ आम्ही दोघं तिंबायचो, कोपरापर्यंत हात आत. आमचा म्होरक्या एक पंजाबी म्हातारा होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्याचं बोलणं मला सहा महिने कळलं नाही आणि सहा महिने त्याला माझं. पण तो सुरी धरायचा आणि कांदा त्याच्या हाताखाली असा पडायचा, जसा काही कांद्यानंच मनाशी ठरवलं होतं की आता आपण सुटं व्हायचं. मी तोंड उघडं टाकून बघत उभा राहायचो. उस्ताद मान न वळवता म्हणायचा, "देख मत, काट!" त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या त्या आजन्म पुरल्या. एक, थंडीतलं भाज्यांचं तिखट लोणचं, गाजर, फ्लॉवर आणि शलगम नावाचा एक कंद. आणि दुसरं, साहेब लोकांचा मोठा खाना असला की ते उभ्याउभ्या गप्पा मारत खायचे, तेव्हा दही टांगून त्याचा चक्का करायचा, तो लोण्यासारखा घोटायचा, आणि त्यात हे लोणचं बारीक चिरून कालवायचं. वर पापड. साहेबाच्या बाया बोटं चाटायच्या. मी पडद्यामागून बघायचो आणि मला वाटायचं, आपल्या हातात काहीतरी आहे.

मग पहिल्या रजेवर घरी आलो. एसटीच्या फाट्यावर आमच्या बापानं हलगी लावली होती. हलगी! गावातली पोरं माझी ट्रंक उचलायला भांडत होती. बापानं छाती पुढं काढून मला विचारलं, "किती लोळवलं रं?" आजूबाजूला वीस माणसं. मी काय सांगणार? दीडशे माणसाची डाळ लोळवली म्हणून? मी नुसता हसलो. हसलो तिथंच फसलो. ते हसणं लोकांनी आपल्या मनासारखं वाचलं.

लग्न झालं त्या वर्षीच्या थंडीत परत रजेवर होतो. ही नवी नवरी, चुलीपुढं बसलेली, बोट कापलं म्हणून चिंधी गुंडाळलेली, आणि पुढ्यात कांद्यांचा ढीग. आई शेतात. माझ्याच्यानं राहवलं नाही. खिशातला चाकू काढला, पाट ओढला आणि चिरायला लागलो. ती बघत राहिली. चार कांदे झाले तेव्हा म्हणाली, "आवं, तुमी सैपाकी हाय व्हय फौजेत?"

माझा हात थांबला. मला वाटलं, आता ही हसणार, माहेरी सांगणार, विहिरीवर सांगणार. ती उठली आणि दार ओढून आली. परत बसली आणि म्हणाली, "भाईर सांगू नका, कुणी मोठ्या मनाची न्हाईत इथं. आत मला शिकवा."

परक्या घरात नवी आलेली पोरगी. तिला हे सुचलं कुठून, मला आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा उमगत नाही. मी तिला उस्तादाचं लोणचं शिकवलं. त्या वर्षीपासून ते तिच्या नावावर झालं. गावात लग्न निघालं की माणसं वाडगं घेऊन दारात. "वैनीच्या हातचं लोणचं द्या, न्हाईतर पंगत उठत न्हाई." फौजेतून कायमचा परत आलो, त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याशेजारी मला आणि सुभेदार आण्णाला उभं करतात. आण्णा खरा लढवय्या, एका पायानं लंगडतो तो गोळीमुळं. मी पोरांना बर्फातल्या गोष्टी सांगायचो. आणि घरी येऊन ताटात तिचं लोणचं पडलं, कुणी पाहुण्यानं वाहवा केली, की आतल्या आत माझ्या मनात यायचं, खरं तर हे माझं आहे. खरंच सांगतो, यायचं. ती वाढताना माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही, म्हणजे मला संकोच वाटू नये म्हणून. आणि मी मनात हिशोब करायचो. माणूस किती हलका असतो.

ती गेल्यावर बरणीला मी कुणाला हात लावू दिला नाही. सुनेनं, वैशालीनं, एकदा विचारलं, "मामा, वाढू का थोडं?" मी तिच्यावर खेकसलो. बरणी माझ्या खाटेजवळच्या कोनाड्यात आणून ठेवली. तोंडावर बांधलेला कापडी दादरा सोडायचो, वास घ्यायचो, परत बांधायचो. खायचं धाडस होत नव्हतं. खाल्लं की संपणार.

वैशाखात माझ्या नातीची, ऋतुजाची ऑर्डर आली. सांगलीत राहून नर्सिंग शिकली ती. लष्कराच्या दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली, खांद्यावर तारे लागणार. गावातनं पहिली पोरगी. रस्त्यानं जाईल तो मला थांबवून म्हणायचा, "शिरपतराव, नात तुमच्यावर गेली!" दर वेळी मी मान खाली घालून पुढं चालू लागायचो.

तिच्या सांगलीच्या आठ-दहा मैत्रिणी येणार होत्या, गावातली चार माणसं, आण्णा भाषण करणार होता. पण आजी जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. वर्ष सरेपर्यंत आमच्यात घरात कढई चढत नाही आणि गोड शिजत नाही. पेढे नाहीत, भजी नाहीत, वडे नाहीत. शेजारणींनी येऊन उपाय सांगितले: विकतचं आणा, दुसऱ्याच्या घरी तळून आणा. माझा मुलगा संभाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. आईचं वरीस झाल्यावर करू." ऋतुजा नुसती खाली बघून नखं खरवडत बसली. ती चार दिवसांनी जायची होती.

मी म्हणालो, "पोरगी जानार. वरीस थांबलं तर कुनाला घालायचं जेवाय? तळायचं न्हाई, गोड करायचं न्हाई, तेवढं पाळा. बाकी करा."

मग ऋतुजानं फोन काढून मला दाखवलं. "आजोबा, हे बघा, डिप, बुडवून खायचं. दह्याचा चक्का करायचा, पण साखर घालायचीच नाही. मीठ आणि तिखट लोणचं. तळण नाही, गोड नाही. सोबत कडक भाकरीचे तुकडे आणि भाजलेला पापड. चालेल ना?"

मी त्या फोनकडं बघतच राहिलो. काचेच्या वाटीत पांढरं, घोटलेलं, वर तांबूस तेलाचा ओघळ. पन्नास वर्षांपूर्वी पडद्यामागून बघितलेली तीच वाटी! जग फिरून फिरून कुठं येतं बघा.

"लोणचं कुठलं घालणार?" मी विचारलं.

ती माझ्या खाटेजवळच्या कोनाड्याकडं बघायला लागली.

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. हट्ट केला असता तर मी अडून बसलो असतो. पण ती गेली आणि बाजारातल्या लोणच्याची पिशवी घेऊन आली, ती पिशवी बघून मात्र मला राहवलं नाही. आजीच्या घरात, आजीच्या नातीसाठी, पिशवीतलं लोणचं! मी बरणी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कुणाशी बोललो नाही.

म्हशीच्या दुधाचं दही रात्री पंच्यात बांधून न्हाणीजवळच्या गारव्यात टांगलं होतं. वैशालीनं गाठ नीट मारली होती, खाली पातेल्यात पाणी टपटपत होतं. सकाळी गाठ सोडली तर चक्का असा निघाला, घट्ट, गार, फडक्याची वीण अंगावर उमटलेली. इथवर ठीक. मी उंबऱ्यात बसून बघत होतो. तेवढ्यात वैशालीनं सगळा चक्का उचलून मिक्सरच्या भांड्यात टाकला आणि बटणावर बोट ठेवलं.

"ए! बंद कर ते!"

मी असा ओरडलो की म्हैस गोठ्यात उठून उभी राहिली. दोघी माझ्याकडं वळल्या.

"मिक्सरात चक्का पातळ हुतो. लोणी सुटतं त्याचं. पुरणयंत्र आन." मी उठलो, हात धुतले, कोरडे केले. "सर बाजूला."

पुढचं माझ्या हातांनी केलं, मला विचारलंसुद्धा नाही. चक्का पुरणयंत्रातून फिरवला. मग परातीत घेऊन लाकडी पळीनं एकाच दिशेनं घोटत गेलो. आधी तो रवाळ दिसतो, हट्टी असतो. घोटता घोटता एका क्षणी पळीखाली आवाज बदलतो, खसखस जाऊन चपचप येते, आणि त्याला चमक चढते. तो क्षण मी चाळीस वर्षांत बघितला नव्हता. आला, तसा माझ्या डोळ्याला पाणी आलं. मी मान वर केली नाही. लसूण निखाऱ्यावर भाजून ठेचला, मीठ घातलं. मग दादरा सोडला, कोरड्या चमच्यानं लोणचं काढलं, तेल निथळू दिलं, आणि पाटावर घेऊन सुरी धरली. गाजर, फ्लॉवर, हळद, मिरची. टकटकटकटक.

ऋतुजा हळूच म्हणाली, "आजोबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सुरी थांबवायची नसते, उस्ताद म्हणायचा. म्हणून चिरत चिरतच सांगितलं. लंगर, डेगा, हलगी, हसलेलो तो दिवस, आजीनं ओढलेलं दार. वैशाली पदर तोंडावर धरून उभी होती. सांगून झालं तसा मी म्हणालो, "भाईर न्यायचं न्हाई हे. सांजच्याला आण्णा बोलंल ते बोलंल. तू नुसतं पाया पड."

"सगळे म्हणतात मी तुमच्यावर गेले," ती म्हणाली. "मग मी कुणावर गेले ते मला तरी खरं कळायला नको का?"

"आन खरं सांगितलं तर तुज्या आजीचं काय?" मी चिडलो. "उद्या लोक म्हणतील, लोणचं बी त्याचंच हुतं, म्हातारी नुसती नावाला. मेलेल्या बाईचं एक नाव हाय गावात, ते बी खोडू?"

खरी गाठ तिथं होती. माझी इज्जत गेली तर गेली, चार दिवसांची गोष्ट. पण खरं बोलायचं तर तिचं लोणचं तिच्या हातून काढून घ्यावं लागणार, आणि तिचं नाव राखायचं तर ह्या पोरीला खोट्यावर पाठवावं लागणार.

मी चिरलेलं लोणचं परातीत सोडलं आणि कालवायला लागलो. पांढऱ्यात तांबडं, पिवळं, हिरवं पसरत गेलं. आणि त्यात आणखी काहीतरी. बारीक काळं. खसखशीएवढे काळे कण, शेकड्यांनी, साऱ्या पांढऱ्यावर उठून आले.

"हे काळं काय?" ऋतुजानं वाकून बघितलं. "जळलंय का?"

मी एवढी वर्षं ते लोणचं खाल्लं. लाल तेलात, गडद मसाल्यात ते कण कधी दिसलेच नव्हते. कधी दाताखाली आले असतील तर मोहरी करपली असेल म्हणून गिळले असतील. पांढऱ्या चक्क्यावर आले तेव्हा कुठं दिसले. मी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. उस्तादाचं काही नव्हतं त्यात. भाजलेल्या तिळासारखं, पण तिळाहून रानटी, मागाहून घशात धुरासारखं रेंगाळणारं. कारळं. जतकडच्या माळावर पिवळ्या फुलांचं उगवतं ते. तिच्या माहेरची प्रत्येक चटणी त्याची.

मी परात पुढं ओढून परत चाखलं. आता जीभ जागी झाली होती. मोहरीचं तेल नव्हतं, शेंगदाण्याचं होतं. उस्ताद व्हिनेगर घालायचा, इथं कशाचा तरी दुसराच आंबटपणा, तो मला आजही ओळखता आला नाही. शलगमाच्या जागी ओली हळद, ती तर मी दर वर्षी स्वतःच्या हातानं चिरली होती आणि हे आपलं नाही असं एकदाही मनात आलं नाही. उस्तादाचं त्यात उरलं होतं ते गाजर आणि फ्लॉवर. बाकी सगळं घर तिनं नवं बांधलं होतं, माझ्या नाकाखाली, मी ओट्यावर पेपर धरून बसलेलो असताना.

मी तिथंच भुईवर बसलो. वैशाली घाबरली, "मामा, पाणी देऊ?" मी हातानंच नको म्हणालो. मला रडू आलं नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं आणि माणसाचे हात आपोआप जोडले जातात ना, तसं काहीसं झालं होतं. मी जिला शिकवलं असं समजत होतो, ती माझ्यापेक्षा मोठी कारागीर होती. आणि मला दुखू नये म्हणून बोललीसुद्धा नाही.

ऊन उतरल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या. पोरींनी कडक भाकऱ्या मोडल्या, पापड भाजले, वाट्या भरल्या. आण्णा टोपी घालून, काठी टेकत आला. पाणी पिऊन उभा राहिला आणि त्यानं सुरुवातच केली, "पोरींनो, ही काय आजची न्हाई. हिचा आजा शिरपा, माजा दोस्त, ह्यानं बंदूक धरली, म्हणून आज हिच्या खांद्यावर..."

"आण्णा, बस खाली," मी म्हणालो.

"आरं बोलू दे की!"

"बस. मी बंदूक धरली ती शिकवली तेवढी. त्याच्या म्होरं सतरा वरसं पळी धरली. मी लंगरातला कुक."

कुणाच्या तरी हातातला पापड मोडला, तोही ऐकू आला. संभाजी माझ्याकडं बघतच राहिला, पोटचा पोरगा, त्यालाही आजच कळत होतं.

आण्णा लाल झाला. "आन त्या बर्फातल्या गोष्टी?"

"बर्फ खरा. गोष्टी बी खऱ्या. फकस्त माज्या न्हाईत. माज्या चुलीवर शेकाय बसल्याल्या माणसांच्या हायत."

"चाळीस वरसं माज्या खांद्याला खांदा लावून झेंड्याला सलाम ठोकलास, शिरपा!"

"ठोकला. झेंड्यानं कुक म्हणून हाकललं न्हाई मला. मीच लपलो."

आण्णा खुर्चीत बसला. मला वाटलं, उठून जाणार आता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यानं समोरच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलला, वाटीत बुडवला, तोंडात टाकला. चावत राहिला. दुसरा घेतला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"आमच्या लंगरात असला एक बी गावला न्हाई मला," तो म्हणाला. "डाळीतलं खडं खाऊन माजं दात गेलं. गोळी लागली ते परवडलं." पोरी फस्सकन हसल्या. तो त्यांच्यावर गुरकावला, "हसू नगा. ह्याला माफ न्हाई केलं मी." आणि वाटी माझ्यापुढं धरली. "वाड अजून."

मी वाढलं. तिसऱ्या तुकड्याला त्याचा हात थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "शिरपा, म्हंजे वैनीचं लोणचं? ते बी तुजंच का रं?"

सगळे कान देऊन बसले होते. सकाळी हाच सवाल आला असता तर मी काय बोललो असतो, देव जाणे. मी म्हणालो, "न्हाई. चिरलं मी. लोणचं तिचं. मला ते येत बी न्हाई."

ऋतुजा उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तिथं गेल्यावर मी कुणाला विचारू, आजोबा?" ती कानाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं जतला गेलो. फाट्यावरून टँकरच्या मागनं चालत तिच्या माहेरच्या वस्तीवर पोचलो, तेव्हा तिची धाकटी बहीण गंगव्वा दारात मेंढराला पाणी दाखवत होती. मला एकट्याला बघून चपापली. "काय झालं, दाजी?"

"काय न्हाई. तुज्या आक्काच्या लोणच्याचा मसाला शिकाय आलोय. कारळं कवा घालायचं, किती घालायचं. आन आंबट कशाचं हाय ते."

ती माझ्याकडं खुळ्यासारखी बघायला लागली. "एवढा संसार केलासा. आक्कानं सांगितलं न्हाई तुमाला?"

"मी कवा इचारलंच न्हाई," मी म्हणालो.

गंगव्वा आत गेली. सुपात चार मुठी कारळं घेऊन आली, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आधी खडं काढा ह्यातलं. भाजायचं मागनं." मी चष्मा पुसला, मांडी घातली आणि निवडायला लागलो.